जानेवारीतला पंखा

१

कन्हान नदीच्या पात्रात, वाळूवर लावलेल्या डांगरवाडीतल्या, म्हणजे टरबूज-खरबुजांच्या मळ्यातल्या, अगदी टोकाच्या झोपडीत एक परका तरुण मरून पडला होता. अंगात फक्त गंजी आणि पँट. पाय उघडे. अंगाभोवती कुणा बाईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. लुगडं ओलं, गंजी ओली, केस ओले, खालची वाळूही ओली. आणि त्या भागात दिवाळीपासून पावसाचा थेंब पडला नव्हता.

साल चौसष्ट, जानेवारी महिना.

फौजदार गणपतराव भोयर ही हकिकत सांगत होते ती शामला हरकरे यांच्या प्रयोगशाळेत उभं राहून. शामलाबाई नागपूरच्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत. त्यांच्यापुढे फळीवर बेडकाचं हृदय होतं आणि त्यावर त्या पिपेटने गार पाणी सोडत होत्या. हृदयाला जोडलेली बारीक काडी काजळी लावलेल्या नळकांड्यावर रेघ ओढत होती. रेघेची टोकं एकमेकांपासून दूर दूर जात चालली होती.

"मेला का तो?" भोयरांनी विचारलं.

"नाही. गार झालाय. ऊब दिली की पुन्हा धावेल."

"असं? आमच्या माणसाले कोन ऊब देते आता!" भोयर स्टुलावर बसले. "पोराचं नाव श्रीधर मुठाळ. पायलट. जबलपुराहून एकटाच विमान घेऊन परत निघाला, ते वरचं उघडं असते ना, तसलं. संध्याकाळी ते नदीत उतरलं, नाक पाण्यात. इकडं फ्लाइंग क्लबवाल्यांनी समजलं, तो वाटेत शिवनीलेच थांबला. सकाळी गोविंदा नावाचा ढिवर, मासोळ्या धरनारा, ठाण्यावर खबर द्यायले आला. म्हने, माझ्या झोपडीत मुर्दा आहे. अन् आला तो मेलेल्याचंच चामड्याचं जाकीट घालून!"

"मग तुम्ही त्याला आत टाकलंत."

"टाकला ना. चोर एवढा बह्याळ नसते हे मलेही समजते, मॅडम. पण जाकीट अंगात, लुगडं त्याच्या मायचं, झोपडी त्याची. सोडू कसा?"

शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांनी भोयरांना इकडे पाठवलं होतं. अंगावर जखम नव्हती. फुप्फुसात पाणी नव्हतं, म्हणजे बुडून मेला नव्हता. गुडघ्यांवर आणि कोपरांवर लालसर डाग होते. भोयरांच्या मते ते माराचे. जठराच्या आतल्या बाजूला काळे ठिपके होते. ते विषाचे असावेत म्हणून नमुना तपासणीला गेला होता. पण डॉक्टरांचं स्वतःचंच समाधान झालं नव्हतं. 'हरकरेबाईंचं वाचन आहे, त्यांना विचारा,' असं ते म्हणाले होते.

शामलाबाईंनी काडी बाजूला केली. तसले ठिपके त्यांनी एकदा वाचले होते, थंड देशातल्या एका मासिकात. गुडघ्यांवरचे डागही.

"थंडीने गेलेल्या माणसांत असं सापडतं," त्या सावकाश म्हणाल्या.

भोयर मनापासून हसले. "नागपुरात? थंडीनं? मॅडम, मे महिन्यात माझे दोन शिपाई लू लागून पडतात, ते मी मानतो. पन इथं थंडीनं कोनी मेला म्हनून मी कागद पाठवला तं साहेब माझ्याच डोक्याची तपासनी करतीन."

त्यांचं हसणं ओसरलं. टोपी हातात फिरवत ते म्हणाले, "अन् एक गोष्ट राहिलीच. त्याच्या पायाच्या तळव्यांले कोनीतरी कांदा चोळला होता."

२

सोनेगावच्या धावपट्टीजवळच्या शेडमध्ये क्लबचे मिस्त्री रुपराव सहारे भोयरांची वाटच पाहत होते. टाकीत पेट्रोल असताना इंजिन हवेत बंद पडलं होतं, त्यामुळे फौजदाराचा पहिला संशय त्यांच्यावर होता. त्यातून जबलपूरला निघण्याच्या आदल्या दिवशी श्रीधरशी त्यांची जुंपली होती, हेही भोयरांना कळलं होतं.

"भांडलो ना! त्याच्यासाठीच भांडलो," रुपरावांनी खिळ्याला टांगलेल्या, आतून लोकर लावलेल्या जाडजूड पोशाखाकडे बोट केलं. "हा घालून जा म्हटलं तं मले म्हने, 'रुपराव, आपल्याले नागपुरात जन्मून थंडीची भीती? घाम काढायचा असला तं तुमीच घाला.' सारे हसले. मीही हसलो. आता ते हसू गयात अटकून राहिलं."

"इंजिन?" भोयरांनी विचारलं.

"परवा नदीवर जाऊन बाहेर ओढलं, पानी काढून वाळवलं. एका झटक्यात सुरू झालं. काहीच खराबी नाही, साहेब. मले तं डोकंच चालेना."

भोयरांबरोबर आलेल्या शामलाबाईंनी विचारलं, "त्या दिवशी वाटेत धुकं होतं?"

"शिवनीच्या घाटावर होतं. दुपार चढल्यावरच जबलपुराहून पोरगं निघालं."

"दमट हवा इंजिनाच्या गळ्यातून आत ओढली जाताना आणखी गार होते ना?"

 रुपरावांनी कपाळावर हात मारला. "बरफ! कार्बुरेटरच्या गयात बरफ धरला. हवा कोंडली अन् इंजिन मेलं. अन् मग उन्हात..."

"वितळून गेला," शामलाबाई म्हणाल्या.

"म्हंजे चोर आला, काम केलं अन् पानी होऊन वाहून गेला," भोयर कुरकुरले. "हे मी लिहू कसं?"

शामलाबाई त्या पोशाखाची लोकर चाचपत होत्या. उघड्या विमानात, डोंगरांच्या वर, वाऱ्यात तासन् तास बसलेला मुलगा पाण्यात उतरायच्या आधीच अर्धा गारठलेला असणार. बोटं वळत नसणार. आणि गारठलेल्या माणसाचं डोकं मंद होत जातं, त्यामुळे आपण गारठलोय हे त्याला स्वतःला कळत नाही. त्याच्या शेजारी दुसरं कुणी असतं तर त्याच्या ते लक्षात आलं असतं.

ते निघाले तेव्हा रुपरावांनी मागून हाक मारली. "साहेब, जाकिटाच्या आत पांढरं स्वेटर होतं त्याच्या अंगात. आईनं विनलेलं. ते आईले देऊन द्याल."

भोयर जागीच थांबले. पंचनाम्यात स्वेटर नव्हतं.

३

विमान ज्या जागी उतरलं होतं तिथपासून डांगरवाडीपर्यंत ते दोघं वाळूतून चालत गेले. काठाला पाणी साचलेलं होतं, हिरव्या शेवाळाचं. श्रीधरला त्यातून छातीइतक्या पाण्यात चालत बाहेर यावं लागलं असणार. नदीच्या पात्राला आडोसा नाही. दुपारीही वारा कानाला झोंबत होता. शामलाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला.

स्वेटर मिळालं झाऊच्या झुडपात अडकलेलं. उलटं, बाह्या आतल्या बाजूला गेलेल्या. त्याच्या अलीकडे एक बूट पडला होता, पलीकडे दुसरा.

"जाकीट कुठे सापडलं म्हणतो गोविंदा?"

"तिकडं, पान्याजवळ. म्हने, वाळूत पडलं होतं, थंडी वाजत होती, घातलं."

"बघा म्हणजे. आधी जाकीट, मग बूट, मग स्वेटर. लुटणारा माणूस एका जागी सगळं उतरवतो. इथे एकेक वस्तू पुढे पुढे पडत गेलीय. आणि स्वेटर उलटं आहे, डोक्यावरून ओढून काढल्यासारखं. ते त्यानेच काढलं, भोयरसाहेब."

"थंडीनं मरनारा मानूस कपडे काढीन?"

"काढतो. आधी शरीर कापतं, ऊब करायला धडपडतं. ती ताकद संपली की कापणं थांबतं. हातापायांकडचं रक्त आवळून धरलेलं असतं, ती पकड सुटते आणि रक्त एकदम कातडीकडे येतं. मग माणसाला वाटतं, आपण पेटलोय. बोलणं अडखळतं, पाय वाकडे पडतात आणि तो अंगावरचं ओरबाडून काढायला लागतो."

भोयरांनी स्वेटर हातात घेतलं. त्याच्यावर शेवाळ वाळून हिरवट कवच झालं होतं. भोयर माणूस सरळ होते आणि डोक्यानेही तेज होते.

"ठीक आहे, मानलं," ते म्हणाले. "मग एक सांगा. स्वेटर हिरवं, जाकीट हिरवं, पँट हिरवी. गंजी मी माझ्या हातानं जप्त केली. ओली होती, पन पांढरीधोप. केसांतही शेवाळ नव्हतं."

शामलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मग त्याच्या अंगावर दुसरं पाणी पडलं," त्या म्हणाल्या. "स्वच्छ पाणी. नंतर. कुणीतरी टाकलेलं."

४

गोविंदा ठाण्याच्या कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा, काटक. त्याची नजर वर येत नव्हती.

"म्या रातभर वरच्या डोहावर जाळ्यावर होतो. पहाटं आलो तं तो मरूनच पडला होता. बस."

"झोपडीत आणून कोनं ठेवला बे?" भोयरांनी विचारलं.

"मले नाई माहीत."

"तुझी आई कुठे होती?" शामलाबाईंनी विचारलं.

"झोपून होती."

"त्याच झोपडीत?"

गोविंदाने तोंड भिंतीकडे वळवलं.

"तळव्यांना कांदा कुणी चोळला?"

त्याचा चेहरा एकदम ताणला गेला. "म्याच चोळला."

"मेलेल्या माणसाला कुणी कांदा चोळत नाही, गोविंदा. कांदा चोळतात तो वाचावा म्हणून. म्हणजे झोपडीत आला तेव्हा तो जिवंत होता. आणि तू तर वरच्या डोहावर होतास."

 गोविंदा उठून गजांपाशी आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "बाई, मायले काई नोका विचारू. बाप गेला तवापासून गावातले लोक तिले वाईट बोलतात. म्हनतात, हिच्या सावलीत मानूस जगत नाई. आता हे समजलं तं दगडं मारतीन. मले ठेवा आत. म्या मारला म्हना. लिहा तसं."

भोयरांनी शामलाबाईंकडे बघितलं. एवढी सोपी कबुली त्यांना कधीच मिळाली नव्हती, आणि ती त्यांना नको होती.

५

अंजनाबाई वेलांच्या बुडाशी पालापाचोळ्याचं चगाळ घालत होती. साठीची, किडकिडीत, खांद्यावरून गोधडी पांघरलेली. फौजदाराला पाहून तिने हात जोडले. "माह्या पोराले आनलं का, जी?"

"आनतो, माय. या बाईंशी बोल पह्यले."

शामलाबाई झोपडीच्या दाराशी उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना पाण्याने काठोकाठ भरलेल्या दोन घागरी होत्या. हाकेच्या अंतरावर वाळूत खणलेला झिरा होता, नितळ पाण्याचा. आत खाट, चूल, कांद्यांची वेणी. आणि छपराच्या गवतात वर खोचलेला, बांबूच्या पातीचा हातपंखा.

"पंखा कशाला लागतो हो, या दिवसांत?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

म्हातारी पंख्याकडे बघत राहिली. "गोविंदानं लपवला तो. मले म्हने, माय, चूप राहाय. पन मले काहून चूप राहा लागते ते समजलं नाई. म्या काई वाईट नाई केलं."

"मग सांगा ना मला."

अंजनाबाई खाटेवर टेकली.

"दिवा लावून बसली होती. तो आला तं झुलतच आला. म्या समजले, पिऊन आहे. मंग बोलाले लागला तं जीभच वळे ना त्याची. 'मावशी, जळून राहिलो, आग होऊन राहिली,' म्हने. पायात जोडा नाई. अंगातली बंडी ओढून ओढून काढाले पाहे. अन् धाडकन पडला." तिने मान हलवली. "असाच आला होता, बाई, गोविंदाचा बाप. ह्याच वाळूतून. बैसाखात. असाच झुलत, असाच बरळत, असेच कपडे फाडत. लू लागली होती. तवा घागर रिकामी होती, झिरा दूर होता. म्या पानी आनेपर्यंत सरला. तवापासून पाहा, घागरी कधी रिकाम्या ठेवत नाई म्या."

भोयर दारात उभे होते. ते हळूच मागे सरकले आणि बाहेर नदीकडे तोंड करून उभे राहिले.

"पण हे दिवस थंडीचे," शामलाबाई म्हणाल्या. त्यांना आपला आवाज परका वाटला.

"मलेही वाटलं ना तसं. म्हनलं, थंडीत लू कशी लागन? पन विमान पाहिलं होतं म्या, डोक्यावरून गेलेलं, पोटातून धूर सोडत. ते इंजन म्हंजे भट्टीच ना, बाई? अन् त्याच्या मांगं बसून आला पोरगा. त्याची आंच लागली त्याले, दुसरं काय? मंग म्या लुगडं भिजवलं, गुंडाळलं. डोक्यावर, छातीवर पानी टाकलं. तळव्याले कांदा घासला. अन् वारा घालत बसली."

"हाताला गार नाही लागला तो?"

"लागला ना! त्यानंच तं जीव आला माह्या जीवात. म्हनलं, पानी लागून राहिलं, आग उतरून राहिली. पडला तवा तोंडानं बरळत होता, मंग शांत शांत होत गेला. कापला नाई, काई नाई. म्या म्हनलं, झोप लागली लेकराले. वारा नाई थांबवला म्या. हात दुखून आला पन थांबवला नाई." तिने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "गोविंदा आला तवा त्यानं माह्या हातातून पंखा हिसकला."

६

परतताना जीपमध्ये भोयर स्वेटरची घडी घालत होते. मग म्हणाले, "वाचला असता का तो?"

शामलाबाईंना फळीवरचं बेडकाचं हृदय आठवत होतं. काडी आणि तिच्या दूर दूर जाणाऱ्या रेघा. "ओले कपडे काढून, अंग कोरडं करून गोधडीत गुंडाळला असता, चुलीजवळ आडवा ठेवला असता, तर... खात्रीने नाही सांगता येत. पण बोलत होता तो. चालत आला होता."

"म्हंजे वाचला असता."

शामलाबाई बाहेर नदीकडे बघू लागल्या.

"मॅडम, तुम्ही नुसतं 'थंडीनं मेला' लिहून द्या ना. म्हातारीचं नाव काहून आनायचं?"

"आणि ओलं लुगडं? कांदा? नितळ पाणी? तुमच्याच पंचनाम्यात आहे सगळं. ते कुठून आलं हे सांगितलं नाही तर गोविंदाला कोण सोडेल?"

 जठरातल्या ठिपक्यांत विष निघालं नाही, असं पुढे तपासणीत आलं. शामलाबाईंनी आपलं मत लिहून दिलं, स्वच्छ अक्षरात, एकही शब्द वावगा न घालता: मृत्यू थंडीने, उपचार लू समजून, हेतू वाचवण्याचा. गोविंदाच्या सुटकेसाठी आता फक्त म्हातारीचा जबाब हवा होता, अंगठ्यासकट. आणि अंगठा घेण्याआधी जबाब तिला वाचून दाखवायचा असतो.

जबाब घ्यायच्या दिवशी शामलाबाई पुन्हा डांगरवाडीवर गेल्या. आपण का जातोय ते त्यांना नीटसं सांगता आलं नसतं. पायलट शिकवणाऱ्यांना पत्र लिहिता येतं, शाळांमधून सांगता येतं की नागपूरच्या थंडीनेही माणूस मरतो, ओला असेल आणि वाऱ्यात असेल तर. ते सगळं त्या करणार होत्या. या झोपडीत त्यांना करता येण्यासारखं काही नव्हतं.

भोयरांनी जबाब वाचला. 'आग होते असे म्हणाला. मी दोन घागरी पाणी टाकले. वारा घातला.' पुढच्या ओळीशी, शामलाबाईंच्या मतापाशी, त्यांचा आवाज खाली गेला. त्यांनी ती भरभर, कागदी मराठीत वाचली: अतिशीत अवस्थेमुळे, वगैरे. अंजनाबाई मन लावून ऐकत होती. तिने शाईत अंगठा बुडवून उमटवला, पदराला पुसला. मग शामलाबाईंकडे वळली.

"शिकलेल्या आहात तुमी, बाई. एक सांगा. दोनच घागरी टाकल्या म्या. दोन्ही सरल्या अन् झिऱ्यावर जायले मी उठली नाई, त्याच्यापासून हलावंसं वाटे ना. तिसरी घागर टाकली असती तं वाचला असता का?"

भोयर कागद घडी करता करता थांबले.

"नाही, अंजनाबाई," शामलाबाई म्हणाल्या. ते अक्षरशः खरं होतं आणि तेवढंच खरं बोलणं त्यांना जमलं. "तिसऱ्या घागरीने तो वाचला नसता."

म्हातारीने सुस्कारा सोडला. तिच्या चेहऱ्यावरची एक गाठ सैल झाली. "रोज तेच येई मनात. बरं झालं सांगतलं." मग, एखादी चांगली रीत विचारून ठेवावी तसं तिने विचारलं, "मंग काय टाका लागत होतं त्याच्यावर?"

पुन्हा कुणी आलाच तर हिला हे माहीत असायला हवं. शामलाबाईंनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पण डोळे त्यांच्या ताब्यात राहिले नाहीत. ते म्हातारीच्या खांद्यावरच्या गोधडीकडे गेले आणि तिथेच राहिले.

अंजनाबाईने त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं. आधी तिला समजलं नाही. मग तिने मान खाली घालून आपल्याच खांद्याकडे पाहिलं.

वाळूतून गोविंदा येत होता. जबाब होणारच म्हणून भोयरांनी त्याला बरोबर आणलं होतं; शिपायाने त्याला वरच्या काठावर सोडलं होतं. तो लांबूनच ओरडला, "माय वं!"

अंजनाबाईने वर पाहिलं नाही. तिने गोधडी खांद्यावरून उतरवली, नीट घडी केली, आणि श्रीधर ज्या जागी पडला होता त्या जागी वाळूवर ठेवली. गोविंदा येऊन तिच्या पाठीवर हात ठेवीपर्यंत ती तशीच, उघड्या खांद्यांनी, दारातून येणाऱ्या वाऱ्यात बसून होती. आणि ती कापत होती.